तिसरं नाव

“हे ठोकळे त्या आधी तोंडात घालतील, बघा तुम्ही,” मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या. मतिमंद मुली-बायकांचं ते आश्रयगृह त्या कितीतरी वर्षं चालवत होत्या. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

चाचणीवाल्या बाईंनी नुसती मान हलवली आणि लाल-पांढरे ठोकळे टेबलावर मांडले. आश्रयगृहातल्या प्रत्येकीची बुद्धिमत्ता त्यांना तपासायची होती. बाहेर मात्र रांगेतल्या बायका एकमेकींच्या पाठीमागे दडत होत्या.

“सुई टोचणार असं वाटतंय त्यांना,” ताई म्हणाली.

ताईला एकेकीची नस ठाऊक होती. कुणाला झटके येतात, कुणाला गार पाणी सोसत नाही, कोठीत चादरी किती, सगळं तोंडपाठ. अठ्ठावीस वर्षांत तिची एका दिवसाचीही सुट्टी झाली नव्हती. “ही आहे म्हणून चाललंय,” असं मोठ्या बाई पाहुण्यांना सांगत.

“मग आधी तुम्हीच बसा,” चाचणीवाल्या बाई म्हणाल्या. “तुम्हाला बघून त्यांची भीड चेपेल.”

ताई खुर्चीच्या कडेवर टेकली. ठोकळ्यांची नक्षी जुळवायची होती. पहिली जुळली, दुसरी जुळली, मग ती थांबेचना. उलट्या क्रमाने आकडे झाले, शब्दांचे अर्थ झाले, कोडी झाली.

“अजून आहेत?” तिने विचारलं आणि स्वतःच लाजली.

चाचणीवाल्या बाईंनी पुढचा कागद ओढला. त्या भराभरा लिहीत होत्या.

मग चिमणी आत गेली. विशीतली, काडीसारखी पोरगी. मोठ्या बाई तिला ‘दगड’ म्हणत. ताई खिडकीबाहेर मुठी आवळून उभी राहिली. विचारलेल्या प्रश्नांना चिमणी ढिम्म. पण ठोकळे पुढे ठेवताच तिची बोटं अशी चालली, की ताईला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

महिन्याभराने निकाल आला. मोठ्या बाईंच्या खोलीत ताईलाही बोलावलं होतं.

“बहुतेकींना आधार लागेलच,” चाचणीवाल्या बाई म्हणाल्या. “पण आता कोण काय शिकू शकते ते कळलंय. उगाच सगळ्यांना एका मापाचे कपडे नकोत. आणि तिघी जणी चुकून इथं आल्या आहेत. चिमणीला ऐकू येत नाही, एवढंच. डोकं लख्ख आहे.”

ताईचे डोळे भरून आले. “मी सांगत होते ना!” ती मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली. एवढ्या चढ्या आवाजात ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

दुसरं नाव स्वयंपाकघरातल्या आक्काचं निघालं. तिसऱ्या नावाचा कागद वाचून मात्र मोठ्या बाई ताडकन उठल्या.

“भलतंच काय! मग कोठी कोण बघणार? औषधं कोण देणार?”

“माणूस नेमा,” चाचणीवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी तो कागद ताईपुढे धरला.

ताईने तो दोन्ही हातांनी घेतला आणि खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता वाचला, “रुग्ण क्रमांक सात. वयाच्या सहाव्या वर्षी मंदबुद्धी म्हणून दाखल. टोपणनाव ताई. बुद्धिमत्ता सरासरीहून बरीच वरची. आजपासून मुक्त.”