महूच्या मेसचा मासा

मध्य प्रदेश होऊन दोन वर्षं झाली होती. हे क्षयातून बरे होऊन सॅनेटोरियममधून नुकतेच घरी आले होते. ताकदीसाठी मासे द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझे दीर तुकोजी महूला लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. ते दर रविवारी पावाचा चुरा लावलेले माशाचे तुकडे बर्फात घालून इंदूरला आणायचे आणि मी तळायचे.

पहिल्याच रविवारी जेवताना ह्यांना ठसका लागला. ह्यांनी रुमाल तोंडाला लावला, एकदा पाहिला आणि घाईघाईने खिशात कोंबला. कपडे धुताना मला त्यावर लाल डाग दिसला. मी तो गुपचूप घासून धुतला. हेही आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, बाळालाही जवळ घेतलं नाही.

पुढच्या रविवारी तुकोजीही जेवायला बसले. त्यांनी तोंड पुसलं, तर त्यांचाही रुमाल लाल.

“भावजी, हे काय?” मी रुमाल ओढून घेतला.

“रंग आहे, वहिनी. चुऱ्यात मिसळतो. साहेबलोकांना फिका मासा पसंद नाही ना! तळला की मस्त तांबूस दिसतो, तोंडात मात्र लाल सुटतो. काय दादा, तुम्हीही साहेब झालात की!”

हे हसत सुटले. हसता हसता डोळे पुसले आणि खिशातून एक बंद पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. “चुलीत टाक, भानुमती.”

पत्ता सांवेरचा, माझ्या वडिलांचा होता. मी ते फोडलं.

‘मला पुन्हा रक्त पडलं आहे. भानुमतीला आणि बाळाला येऊन घेऊन जावं.’