फाटकाचं वळण

पट्टा झिजलेला नव्हता. कुणीतरी तो कापला होता.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने तो काळा रबरी पट्टा काकूंपुढे धरला आणि कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. सुरीने काकडी कापावी तशी सरळ कड. आज सकाळी गाडीच्या स्टिअरिंगचं चाक दगडासारखं जड का झालं, ते आता कळलं. हा पट्टा पंप फिरवतो आणि पंपामुळे स्टिअरिंग हलकं होतं. नवा पट्टा घालतो, चहा येईपर्यंत काम होईल, असं मिस्त्री म्हणाला.

कापला कुणी, हे काकूंना विचारावं लागलं नाही. शेजारचा विमावाला, दुसरं कोण! त्याची स्कूटर रोज यांच्या फाटकात आडवी आणि काकूंचा आवाज रोज त्याच्या दारात. काकू तशाच उठून घराकडे गेल्या. विमावाल्याला दारात बोलावून त्यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो अर्धी दाढी केलेल्या तोंडाने ऐकत राहिला. वर गॅलरीत काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा आणखी वर धरला.

घसा कोरडा पडल्यावर काकू परत आल्या. येताना त्यांच्या काखेत गोणपाटाचं एक जड गाठोडं होतं.

"नवा पट्टा नको. पंपही काढून टाक. हे बसव."

गाठोड्यात गाडीचा जुना, साधा स्टिअरिंग बॉक्स होता. मिस्त्रीला हसू आवरेना. लोक साध्याचं पॉवर स्टिअरिंग करून घ्यायला येतात, उलटं करणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. गाडी उभी असताना चाक फिरवायला पैलवान लागेल, आणि काकांचं तर मनगट अधू, असं तो समजावू लागला. गाडी दुरुस्त करायला दिली आहे, नाडी बघायला नाही, असं काकूंनी त्याला ऐकवलं. मग त्याने काकूंच्या मुलाला फोन लावून दिला. मुलगाही तेच म्हणाला. बाबांच्या मनगटासाठीच तर त्याने पहिल्या पगारवाढीत हौसेने पॉवर स्टिअरिंग बसवलं होतं.

"त्यांच्या मनगटाचं मी बघते," काकू म्हणाल्या आणि फोन परत दिला.

कारखान्यात मशीनमध्ये सापडलेलं ते मनगट काकू लग्नापासून बघत होत्या. गल्ली अरुंद, फाटक काटकोनात, एका बाजूला दगडी खांब. काकांनी चाक अर्ध्यापर्यंत ओढावं आणि मनगटाने हाय खावी. मग ते समोर बघत नुसतं "हं" म्हणत. शेजारी बसलेल्या काकूंनी चाकावर हात ठेवायचा, त्यांच्या हातावर काकांचा हात यायचा, आणि दोघांनी मिळून गाडी आत घ्यायची. घरात सासूसासरे, दीर, पुढे मुलंबाळं. उभ्या आयुष्यात काकांनी गोड शब्द बोलल्याचं काकूंना आठवत नव्हतं. चारचौघांत हात धरण्याची तर बातच नको. पण फाटकाशी रोज वळायचं असायचं.

पॉवर स्टिअरिंग आलं आणि काका एका बोटाने वळायला लागले. पहिल्याच दिवशी काकूंचा हात सवयीने पुढे गेला होता. "नको, होतंय," असं काका म्हणाले. त्यावर काकूंनी काचेखालची धूळ पुसली, जणू हात त्यासाठीच निघाला होता. तेव्हापासून त्या फाटकाशी आल्या की खिडकीतून बाहेर बघत.

मिस्त्रीने बॉक्स उघडला. गंजाचा ठिपकाही नव्हता. हा इतकी वर्षं कुठे होता, असं त्याने विचारलं. पाण्याच्या पिंपावर, झाकण उडू नये म्हणून ठेवला होता, असं काकू म्हणाल्या. मिस्त्रीने बोटाला लागलेलं ताजं तेल पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पान्हा उचलला.

पंप निघाला, नळ्या निघाल्या, बॉक्स बसला. यांनी विचारलं तर पंप गेला आणि आता मिळत नाही म्हणून सांग, अशी काकूंनी मिस्त्रीला ताकीद दिली.

संध्याकाळी काका काकूंबरोबर गाडी न्यायला आले. मिस्त्रीने पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारणारे काका. त्यांनी एकही विचारला नाही. "बरं," म्हणाले आणि गाडीत बसले.

रस्त्यावर गाडी सुरळीत चालली. गल्ली आली तशा काकू सरळ बसल्या. हात त्यांनी मांडीवर घट्ट दाबून धरले. बोलावल्याशिवाय पुढे करायचे नाहीत. एकदा धूळ पुसली, तेवढी पुरे.

काकांनी चाक ओढलं. अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांच्या मानेची शीर फुगली. काकू खांबाकडे बघत राहिल्या. स्कूटर आज जागेवर नव्हती. गाडी फाटकाच्या तोंडाशी तिरकी उभी. आता हे उतरतील, कुणाला तरी हाक मारतील, असं काकूंना वाटलं.

"हं," काका म्हणाले.

काकूंचा हात चाकावर गेला. त्यावर काकांचा आला. तो पूर्वीपेक्षा हलका झाला होता, हाडं लागत होती. दोघांनी मिळून ओढलं. चाक कुरकुरत फिरलं, खांब मागे गेला, गाडी आत आली. काकांनी दुसऱ्या हाताने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पहिला हात होता तिथेच राहिला.

"त्या विमावाल्याला उगाच बोललीस. पट्टा त्याने नव्हता कापला," समोर बघत ते म्हणाले.