एकशे वीस दिवसांची परवानगी

सही झाली तशी हेडक्लार्कने फाइल अक्षरशः तिच्या हाताखालून ओढून घेतली.

"सुटलो एकदाचे! मला वाटलं, मॅडम ही फाइल उबवतायत. आज ना उद्या पिल्लं बाहेर येणार."

ती हसली नाही. पंचवीस दिवस ती फाइल तिच्या टेबलावर होती. फळबागांवर एक नवाच किडा आला होता. तपकिरी, नखाएवढा. फळात सोंड खुपसून रस ओढायचा. वरून लालबुंद दिसणारं सफरचंद आतून बुचासारखं निघायचं. त्याच्यावर लागू पडणारं औषध एकच होतं आणि चार वर्षांपूर्वी त्याच्यावर बंदी आली होती, कारण त्याने मधमाश्या मरत. आता बागायतदारांनी तातडीची परवानगी मागितली होती. फक्त एकशे वीस दिवसांची.

ती रोज एक त्रुटी काढायची. अहवालावर तारीख नाही, नकाशा अस्पष्ट आहे. एका फोनवर मिटल्या असत्या अशा त्रुटी. ती मात्र पत्र लिहायची आणि उत्तराची वाट बघत बसायची.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचे वडील मधमाश्या पाळायचे. घरामागे चाळीस पेट्या, आणि पेट्यांना लागूनच तिच्या मोठ्या भावाची बाग.

सुरुवातीला दादाचे दिवसाला दोन-दोन फोन यायचे. "तुझ्या एका सहीपायी माझी बाग चाललीय. माणसांपेक्षा माश्या मोठ्या झाल्या का गं तुला?" सगळी झाडं तोडून टाकतो आणि निघून जातो, असंही एकदा ओरडला. मग फोन बंदच झाले. रुसला असेल, असं ती धरून चालली.

बाबांनी मात्र एका शब्दाने काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात सुनावणी झाली. मधमाश्यावाले तावातावाने बोलले. बाबा मागच्या बाकावर बसून होते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा अर्धवट उठून म्हणाले, "मला काही सांगायचं नाही." आपल्या लेकीला चारचौघांत अवघडायला नको, म्हणून. असं तिला वाटलं.

पण आणखी ताणणं शक्य नव्हतं. वरून विचारणा आली होती. आदेश सोमवारपासून लागू होणार होता. शनिवारी पहिल्या गाडीने ती घरी पोचली.

बाबा पायरीवर बसून पेटीतली लाकडी चौकट घासत होते.

"बाबा, परवानगी निघाली. मीच सही केली."

"बरं."

"टेम्पो सांगितलाय उद्या सकाळी. सगळ्या पेट्या टेकडीपलीकडे नेऊ. फवारणी संपेपर्यंत राहू देत तिकडे."

"आधी चहा घे. प्रवासातून आलीस."

चहा झाला. मग जेवण. मग बाबांना आडवं व्हायचं होतं. पेट्यांचा विषय निघाला की एरवी त्यांना आवरावं लागायचं. आज ते तिच्या ऑफिसातल्या पंख्याची चौकशी करत होते.

तिला वाटलं, हे आपल्यावर रागावलेत. शेवटी, ते उठून पुन्हा चौकट घासायला बसले तेव्हा, तिने सांगून टाकलं.

"बाबा, पंचवीस दिवस दाबून ठेवली होती मी ती फाइल. तुमच्या माश्यांसाठी. नोकरीवर बेतलं असतं. याहून जास्त नाही जमलं मला."

बाबांचा हात चौकटीवर थांबला.

"पंचवीस दिवस," ते म्हणाले. "माश्यांसाठी."

"हो."

ते पुन्हा चौकट घासू लागले. तिला ते सहन होईना. ती उठली आणि मागच्या दाराने पेट्यांकडे निघाली.

"ऊन आहे बाहेर," बाबा मागून म्हणाले. "नंतर जा."

ती गेलीच. दहा पावलांवर तिला जाणवलं की गुणगुण नाही. तिने पहिल्या पेटीला हात घातला. पेटी रिकाम्या डब्यासारखी उचलली गेली. झाकण काढलं. तळाशी वाळलेल्या माश्यांचा ओंजळभर थर होता आणि पोळ्यांवर मुंग्या चढलेल्या. दुसरी पेटी तशीच. तिसरी तशीच.

मागे पावलं वाजली. दादा बागेतून आला होता. त्याच्यामागे झाडं हिरवीगार उभी होती, फळांनी वाकलेली.

"कधी?" तिने विचारलं.

"बारा दिवस झाले."

"माझी सही होईपर्यंत दम निघाला नाही तुला?"

दादाने नजर पेट्यांकडे वळवली.

"निदान पेट्या तरी हलवायच्या होत्यास!"

"पेट्या हलल्या असत्या तर गावभर झालं असतं," तो खाली बघत म्हणाला. "आणि सगळ्यांत आधी तुझ्या कानावर आलं असतं."

"गुन्हा आहे हा, दादा. चाळीस वर्षं घालवलीत बाबांनी या पेट्यांत. आता तुझ्याविरुद्ध अहवाल मला लिहावा लागणार."

"लिही."

बाबा हळूहळू चालत येऊन तिच्या बाजूला उभे राहिले. त्यांनी उघड्या पेटीवर झाकण ठेवलं, नीट दाबून बसवलं.

"त्याचं नाव घालू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, त्याला पाठीशी घालू नका."

"तोच मला पाठीशी घालतोय, बाळा. झाडं तोडायला माणसं आणायला गेला होता तो त्या दिवशी. तुझी परवानगी येईना. तो परत यायच्या आत सगळी बाग मीच फवारली."