वाजणारा कूलर

कूलर चालू झाला आणि तानुबाईंचा चेहरा उतरला.

"सुरू झालाय का हो ह्यो?"

"झालाय की, मावशी. हात धरून बघा, कसली गार हवा यायलीय, आन् वीज बी निम्मीच खातोय," सिताराम म्हणाला.

"मंग वाजंना का? मांडवात आंदण मांडलं की इहीणबाई बटन दाबून बघतेत. आवाजच न्हाई आला त म्हनतील, मरतुकडा कूलर देऊन बोळवण केली."

गंगाखेडला पत्र्याच्या शेडमध्ये सिताराम स्वतः कूलर बनवायचा. निम्मी वीज खाणारी मोटर बसवायची, असा ध्यासच त्याने घेतला होता. या मोटरीला आवाज म्हणून नव्हता. दुकानदार व्यंकटरावांच्या हातापाया पडून त्याने असे थोडे कूलर दुकानात ठेवायला लावले होते. पण आपल्याकडे कूलर कानांनी घेतात. भिंती हादरल्या की हवा जोरात! लग्नसराई सरत आली तरी एकही कूलर जागचा हलला नव्हता. "आज ह्यो न्हाई गेला त उद्यापासून जुनीच मोटर बसव, न्हाई त माल उचल," व्यंकटरावांनी सकाळीच बजावलं होतं.

तानुबाई शेजारच्या जुन्या मोटरीच्या कूलरकडे वळल्या. त्यांची लेक चंदा मात्र या गार हवेसमोर डोळे मिटून उभी होती. आठवड्यावर तिचं लग्न आलं होतं.

"थांबा मावशी, एक स्क्रू ढिला दिसायलाय," असं म्हणत सिताराम कूलर बंद करून त्याच्या मागे गेला. हवेच्या झोताने थडथडेल अशी पत्र्याची एक पट्टी त्याने आत अडकवली आणि बटण दाबलं. कूलर असा काही गरजला की रस्त्याने जाणारेही वळून बघायला लागले.

"आता कसं!" व्यंकटराव खुशीत आले.

"ह्योच बांधा," तानुबाई म्हणाल्या.

सितारामला काही बरं वाटेना. हा आवाज घालवण्यापायी त्याने उन्हाळेच्या उन्हाळे घातले होते, आणि आज त्याच आवाजाने त्याने उन्हातान्हात मेंढरांमागे फिरणाऱ्या एका भोळ्या बाईला फसवलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. गेला कूलर तर जाऊ दे, असं मनाशी ठरवून तो पुढे झाला.

"मावशी, एक सांगायचं ऱ्हायलं..."

"ऱ्हाऊ द्या." तानुबाईंनी चंदाचा हात धरला आणि तिला कूलरच्या मागे नेऊन उभं केलं. "मांडवात वाजू द्या असाच. पन तुमी आत आडकवलेली ती पट्टी कशी काढायची, तेवढं माज्या लेकीला दावा. बिल बी तिलाच भरायचंय आन् झोपायचं बी तिलाच हाय."