दिवस चारशे बारा

मंगळावरच्या शाळेत वर्षाचे पहिले तीनशे पासष्ट दिवस फळ्यावर पृथ्वीचेच दिनविशेष चालायचे. उरलेल्या तीनशे तीन दिवसांना इतिहासच नव्हता, म्हणून रेवतीबाई तो रोज सकाळी रचून लिहायच्या. ‘दिवस ४०९ : आजच्या दिवशी एका बोकडाने सरपंचपदाचा राजीनामा मागे घेतला.’ मुलं खो खो हसायची.

चारशे बाराव्या दिवशी मात्र बाई खडू धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. गेल्या वर्षी याच दिवशी दुपारी त्यांचे यजमान दिगंबरराव गेले होते.

“बाई, आज मी लिहू?” म्हणत शाल्मली पुढे आली. तिने लिहिलं, ‘आजच्या दिवशी सकाळी दिगंबरकाकांनी बाईंचा विनोद चोरला आणि जेवणघरात स्वतःचा म्हणून सांगितला.’

“हे तू रचलंस ना गं?”

“नाही बाई. मी शेजारीच जेवत होते.”

बाईंनी डोळे टिपले. “शेवट चुकवला असेल त्यांनी.”

“हो. कुणालाच कळला नाही. काका एकटेच हसत बसले.”

बाईंनी तिच्या हातून खडू घेतला आणि तेवढंही खाली लिहिलं. मंगळाचा तो पहिला खरा दिनविशेष होता.