फेस बसेपर्यंत

सोड्याचे थेंब पडले तसा बाटलीत फेस सरसर वर आला. धाकट्या सुनेने हात आखडता घेतला. इस्पितळाच्या तळघरात औषधं बनवायचं तिचं काम. कालपर्यंत ती इथेच थांबायची. फेस दिसला की बाटली उतू जाईल असं वाटायचं, आणि ती आंबटपणा मारणारा सोडा अर्धवट सोडून, बूच लावून मोकळी व्हायची. क जीवनसत्त्वाचं ते पाणी मग आंबट ते आंबटच राहायचं.

आणि जायचं कुणाच्या शिरेत? तिच्याच सासऱ्यांच्या! म्हातारबुवांच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. अंगात क जीवनसत्त्व नावालाही उरलेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी ह्या बाटल्या सांगितल्या. पण बाटली सुरू झाली की त्या आंबटपणाने हाताची नुसती आग. काल त्यांनी अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. हे पाणी बनवणारा शहाणा कोण, तो एकदा भेटू दे, असं ते सुनेलाच ऐकवत होते. ती बिचारी उशी सारखी करत राहिली. सून तळघरात नेमकं काय करते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "उद्या पुन्हा जळजळलं, तर मी घरी निघालो. पाय राहो नाहीतर जावो."

आज मात्र धाकटी हटली नाही. तिने फेस बसू दिला. पुन्हा थेंब सोडले, पुन्हा वाट पाहिली. बरोबरीच्या बायका चहाला बोलावून थकल्या. अखेर आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी लालसर रंग सोडून हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

वर वॉर्डात सासरे भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून, दात आवळून पडले होते. सुई हातात कालचीच होती. आरडाओरड्याच्या धास्तीने नर्सने गुपचूप नळी जोडली. आता ओरडतील, मग ओरडतील, म्हणून धाकटी पायाशी श्वास रोखून उभी. हळूहळू त्यांचा जबडा सैल पडला. मग चक्क घोरणं ऐकू आलं. बाटली तळाला गेली, तरी घोरणं चालूच. नर्सने नळी काढली, तेव्हा धाकटीला हसावं की रडावं कळेना. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

रिकामी बाटली उतरवताना जरा खुट्ट झालं. सासरे दचकले. डोळे न उघडताच त्यांनी पुन्हा दात आवळले आणि हात पुढे केला.

"अगं सूनबाई, कुठे अडकला तो शहाणा? लावा म्हणावं एकदाची बाटली."