ब्रेक वाढवायचे आहेत

गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढली होती आणि मुलाचा आवाज तिच्याही वर.

"बाबा, ब्रेकचा काय संबंध? ब्रेक ठणठणीत आहेत. पाय वेळेवर पडत नाही तुमचा!"

"पाय वेळेवर पडला होता," नाना म्हणाले. "गाडी वेळेवर थांबली नाही. म्हणून ब्रेक वाढवायला आणलीय. दुखणं तिचं, औषध तिला. तू कशाला तोंड कडू करतोस?"

वाद तीन आठवडे जुना होता. नानांनी, वय वर्षे सत्त्याहत्तर, आपली सात माणसांची एसयूव्ही सिग्नलला थांबवली होती, पण पुढच्या टेम्पोला टेकवून. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. टेम्पोतल्या कपाटाचं दार तेवढं उघडलं. पण मुलाने त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. किल्ल्या माझ्याकडे द्या, गाडी विकून टाकू, आणि मावशीकडे जायचं असेल तर रविवारी मी सोडेन.

माईंची बहीण डोंगरापलीकडे राहत असे. गेली बत्तीस वर्षं नाना-माई दर महिन्याला डोंगर ओलांडून तिच्याकडे जात होते. हवं तिथे थांबत, हवा तितका वेळ भांडत. आता मुलाच्या रविवारची वाट बघायची?

"आम्ही काय पार्सल आहोत?" नानांनी विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजला फोन केला होता.

मिस्त्रींनी जुन्या डिस्कशेजारी नवी डिस्क धरली. "ही बघा. दोन बोटं मोठी. पॅड नवे, ऑइल नवं. भरल्या गाडीने उतारावर दाबा, जागच्या जागी उभी राहील."

"बघ!" नाना मुलाला म्हणाले, जणू डिस्क त्यांनी स्वतः ओतली होती.

"बाबा, डोंगर उतरायचाय. विमान नाही उतरवायचं."

माई कोपऱ्यातल्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. मुलाने अपील वरच्या कोर्टात नेलं. "आई, तू तरी समजाव ना यांना."

"मी कशाला मध्ये पडू? 'हट्टी' याला चार अक्षरी शब्द सांगा कोणीतरी."

"दुराग्रही!" बाप-लेक एकमेकांकडे बोट दाखवत एकदमच म्हणाले.

माईंनी शांतपणे चार घरं भरली.

मुलगा तयारीनिशी आला होता. त्याच्या ऑफिसात सगळं कागदावर चाले, तसा तो घरही कागदावर चालवी. त्याने खिशातून घडी काढून नानांपुढे धरली. 'मी यापुढे ही गाडी चालवणार नाही.' खाली सहीला जागा.

नानांनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला. मुलगा आरडाओरड्याची वाट बघत उभा राहिला.

"करतो सही," नाना म्हणाले.

"करता?"

"पण खाली तूही लिही. गाडी विकणार नाही. आणि घरातलं लायसन्स असलेलं माणूस ती चालवत असेल, तर त्याला अडवणार नाही."

मुलाने मनातल्या मनात घर पालथं घातलं. एक लायसन्स त्याचं, एक बायकोचं. बाबांचं आता असून नसल्यासारखं. त्याने झोकात लिहून दिलं. माईंनी साक्षीदार म्हणून सही ठोकली, तारखेसकट.

"मग आता एवढे ब्रेक कशाला, बाबा?"

"शेजारी बसणाऱ्यालाही जीव असतो," नाना म्हणाले.

मिस्त्रींनी गाडी खाली उतरवली. नाना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले. ते पाहून मुलाला जरा गलबलून आलं. आपण फार ताणलं, असंही वाटून गेलं. "चला, घरी सोडतो तुम्हाला," असं म्हणत त्याने पलीकडचं दार उघडलं.

आत माई होत्या. सीट पुढे ओढून झाली होती. आरसा नीट करणं चाललं होतं.

"आई! तू?"

"टेम्पोच्या आधीपासून, चार महिने सकाळी फिरायला जात होते ना मी? पायी फक्त ड्रायव्हिंग क्लासच्या दारापर्यंत. पुढचं फिरणं गाडीतून." माईंनी पर्समधून लायसन्स काढून त्याच्या नाकासमोर धरलं. फोटोतही त्या कोणाचं ऐकणार नाही अशाच दिसत होत्या.

"पण... डोंगर... एकटी..."

"एकटी कशाला? मी आहे की," नाना म्हणाले. "आणि ब्रेक वाढवले म्हणजे नुसते मोठे नाही केले. संख्येनेही वाढवले. हे बघ!"

त्यांच्या पायाशी एक कोरा करकरीत जादा ब्रेक होता. गाडी शिकवणाऱ्याच्या बाजूला असतो तसा. नानांनी तो ऐटीत दोनदा दाबून दाखवला.

"चालवणार नाही, एवढंच लिहून दिलंय मी. थांबवणार नाही असं कुठे लिहिलंय? गाडी चालवेल ती, पण थांबेल माझ्या मर्जीने!"

मुलगा स्वतःचाच कागद उलटसुलट करून वाचू लागला. माईंनी गाडी सुरू केली. नानांनी विजयी मुद्रेने खिडकीबाहेर डोकं काढलं आणि मुलाला हात हलवला.

तेवढ्यात मिस्त्री माईंच्या खिडकीशी वाकले आणि इंजिनाच्या आवाजाआडून हळूच म्हणाले, "काकू, फोनवर सांगितलंत तसंच केलंय. काकांच्या बाजूचा ब्रेक कशालाच जोडलेला नाही."